भाकरी थापणाऱ्या ताईंचं मानधन प्रस्तावात लिहाच

पत्र

ताई, नमस्कार. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमची एक छोटी नोंदणीकृत संस्था आहे. दसरा झाला की आमच्याकडची घरंच्या घरं ऊसतोडीला जातात आणि मुलं आजी-आजोबांकडे मागे राहतात. अशा मुलांसाठी आम्ही दोन गावांत संध्याकाळची केंद्रं चालवतो. यंदा 46 मुलं होती. शाळा सुटली की ती येतात, अभ्यास-खेळ होतो, गरम जेवण होतं आणि झोपायला पुन्हा आजीकडे जातात. चार बाया हे सगळं बघतात. त्यांना महिन्याला दोन-दोन हजार ठरले होते, पण जानेवारीपासूनचे तीन महिने द्यायचे राहिले. किराणा दुकानाचे 38 हजार थकले आहेत.

आता शहरातल्या एका उद्योजक कुटुंबाच्या फाउंडेशनने पाच लाख देऊ केले आहेत. पण त्यातून टॅबलेट आणि स्मार्ट टीव्हीच घ्यायचा आहे. त्यांच्या पत्रात लिहिलंय, ‘कायद्यानुसार प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे पगार-मानधनासाठी रक्कम देता येणार नाही.’ त्यांच्या समितीची बैठक दिवाळीनंतर होते आणि पैसे जानेवारीत येतात. केंद्रावर त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा फलक आणि दर महिन्याला मुलांचे फोटो हवेत.

आमचे अध्यक्ष निवृत्त गुरुजी आहेत. ते म्हणतात, ‘मिळतंय ते घ्या, आणि बायांनी सेवा समजून करावं, सेवेचे पैसे घेऊ नयेत.’ गावातला एक मुलगा अमेरिकेत आहे, तोही काही पाठवतो म्हणतो. एक विश्वस्त तीन वर्षांपूर्वी वारले, त्यांची नोंद अजून बदललेली नाही. मी काय करू? पाच लाखांना नाही म्हणायची माझी हिंमत होत नाही.

– सचिव, बीड जिल्हा

उत्तर

प्रिय सचिवताई,

पाच लाखांना नाही म्हणू नका, पण टॅबलेटना मात्र नाही म्हणा. त्याच पाच लाखांत तुमची केंद्रं एक अख्खा हंगाम चालतात, चारही जणींना निदान सांगण्यासारखं मानधन मिळतं, आणि ते फाउंडेशनला कागदावर मांडून दाखवता येतं. ते कसं, हेच या उत्तरात सांगते. मी काही वर्षं एका न्यासाच्या अनुदान समितीत बसत होते आणि त्याआधी बराच काळ तुमच्यासारख्याच एका संस्थेत प्रस्ताव लिहीत होते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

आधी त्या पाच टक्क्यांचं बघू, कारण सगळी गाठ तिथे बसली आहे. हा आकडा कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी करायच्या सामाजिक खर्चाच्या, नियमांतून आला आहे. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 सांगतं की 500 कोटींचं नक्त मूल्य, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यांतलं एक जरी लागू झालं तरी त्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी. त्या खर्चात प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या आत हवा, हे खरं. पण तो कोणाचा? कंपनीचा स्वतःचा. तिचा सीएसआर विभाग, तिथली माणसं, त्यांचं ऑफिस. जानेवारी 2021 मध्ये हे नियम सुधारले तेव्हा त्यांत स्पष्टच लिहिलं गेलं की एखादा ठरावीक प्रकल्प आखणं, राबवणं, त्याच्यावर देखरेख ठेवणं यासाठी थेट होणारा खर्च या प्रशासकीय खर्चात धरायचा नाही. तुमच्या चार जणी प्रकल्प राबवतात. त्यांचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे. आणि फाउंडेशनचा पैसा कंपनीचा नसून कुटुंबाच्या स्वतःच्या न्यासाचा असेल, तर सीएसआरचा हा नियम त्याला मुळात लागूच होत नाही.

काही जण यात परदेशी देणग्यांच्या कायद्यातली (एफसीआरए) वीस टक्क्यांची मर्यादाही मिसळतात. ती 2020 च्या दुरुस्तीने पन्नासावरून वीसवर आली, हे बरोबर. पण तिथेही शाळा चालवणाऱ्या संस्थेने शिक्षकांना दिलेला पगार प्रशासकीय धरत नाहीत. म्हणजे कुठल्याच कायद्याने मुलांना शिकवणाऱ्या, जेवू घालणाऱ्या माणसाचा मोबदला निषिद्ध केलेला नाही. तो देणाऱ्यांच्या सवयीने निषिद्ध झाला आहे, आणि घेणाऱ्यांनी तोंड उघडलं नाही म्हणून तो तसाच राहिला आहे. मला याची मनापासून चीड येते. इमारतीला पैसे मिळतात, संगणकाला मिळतात, सोलर दिव्यांना मिळतात. संध्याकाळी पाच वाजता चूल पेटवून, एका हाताने भाकरी थापत दुसऱ्या इयत्तेतल्या पोराचे पाढे ऐकणाऱ्या बाईचे दोन हजार मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. आणि तिच्यावाचून तुमच्या केंद्राचं दारसुद्धा उघडणार नाही.

तरी फाउंडेशनच्या माणसांवर रागावू नका. ते असं का करतात, हे समजलं तर बोलणं सोपं जातं. धर्मादाय न्यासाला करसवलत टिकवायची तर उत्पन्नाचा 85 टक्के भाग त्या-त्या वर्षी खर्ची घालावा लागतो. 2023 च्या अर्थसंकल्पापासून यात आणखी एक पेच आला. एका न्यासाने दुसऱ्या न्यासाला दिलेल्या देणगीचा 85 टक्के हिस्साच खर्च म्हणून धरला जातो. म्हणजे तुम्हाला शंभर रुपये दिले तर त्यांच्या हिशेबात पंच्याऐंशीच लागतात. त्यामुळे त्यांचे सीए म्हणतात, संस्थेला पैसे देण्यापेक्षा आपणच वस्तू घ्या आणि वाटा. वस्तूचं बिल असतं, फोटो असतो, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असते, विश्वस्तांच्या बैठकीत दाखवायला काहीतरी हातात असतं. मानधनाचं व्हाउचर कुणी कौतुकाने बघत नाही. शिवाय पगाराच्या नावाखाली नातेवाइकांची सोय लावणाऱ्या संस्थाही त्यांनी पाहिलेल्या असतात. त्यांची ही भीती खोटी नाही. तुमचे कागद चोख असतील तर ती कमी होते.

आता गुरुजींचं. त्यांच्याबद्दल तुम्ही आदराने लिहिलंय, तसंच आदराने त्यांच्याशी बोला. सेवेचे पैसे घेऊ नयेत ही त्यांची निष्ठा खरी आहे आणि त्यांनी ती स्वतः पाळलेली असणार. पण गुरुजींना पेन्शन आहे. त्या चार जणींना नाही. त्या संध्याकाळचे चार तास केंद्रात देतात म्हणजे तेवढी मजुरी, तेवढं घरचं काम बुडवतात. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्यांच्या घरची चूल कशी पेटायची, हा प्रश्न महाराष्ट्रात फार आधी विचारला गेला आहे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर या मंडळींनी नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, तो कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देता यावं म्हणूनच. या नावांपुढे कुणी म्हणणार नाही की त्यांना सेवा कळत नव्हती. गुरुजींना हे सांगा. चारही जणींना घेऊन त्यांच्या घरी जा, आणि जानेवारी ते मार्च पैसे न मिळाल्यावर कुणी कशी वेळ निभावली हे त्यांनाच बोलू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.

मग कार्यकारी मंडळाची बैठक घ्या आणि मानधनाचा ठराव करा. ठरावात रक्कम, कामाचे तास, कालावधी, सगळं लिहा. तुम्ही स्वतः काही घेत नाही, पण पुढे घ्यायची वेळ आली तर आधी संस्थेच्या घटनेत विश्वस्तांच्या मानधनाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. सचिवाने कामाचा वाजवी मोबदला घेणं हा गुन्हा नाही. तो ठरावाविना, गुपचूप घेतला की प्रश्न उभे राहतात.

आता अंदाजपत्रक. हे मी तुमच्याच आकड्यांवरून मांडते, जिथे तुम्ही आकडा दिला नाही तिथे माझा अंदाज घालते. तो तुम्ही बदला. हंगाम साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, म्हणजे 180 दिवस. जेवणाला मुलामागे 25 रुपये धरले तर 46 मुलांचे रोजचे 1,150 आणि हंगामाचे 2,07,000. चार जणींना दरमहा पाच हजार, सहा महिन्यांचे 1,20,000. गॅस, भांडी, वीजबिल यांना 24,000. वह्या, गोष्टींची पुस्तकं, खेळाचं साहित्य 23,000. दोन्ही केंद्रांना फिरून बघणारी, हजेरी आणि हिशेब ठेवणारी एक अर्धवेळ समन्वयक दरमहा दहा हजारांवर, आणि ती आठ महिन्यांसाठी धरा, कारण हंगामाआधी घरोघर जाऊन यादी करायची असते आणि नंतर अहवाल लिहायचा असतो. तिचे 80,000. ऑडिट, स्टेशनरी, बँकेचे आकार यांना 16,000. बेरीज 4,70,000. एका मुलामागे हंगामाला सुमारे 10,217 रुपये, दिवसाला सुमारे 57.

हा 57 चा आकडा पहिल्या पानावर, वरच्या ओळीत लिहा. एका मुलाला रोज संध्याकाळी जेवण, अभ्यास आणि आपुलकीने विचारपूस करणारं मोठं माणूस, आणि याला लागतात 57 रुपये. समितीत बसलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. त्याला विस्तव-पाण्याचा, वह्या-पेन्सिलींचा तपशील मागच्या पानावर बघता येतो.

मांडणीत एक गोष्ट फार महत्त्वाची. ‘प्रशासकीय खर्च – पगार’ असा रकाना करून त्यात सगळ्यांना कोंबू नका. बहुतेक छोट्या संस्था हेच करतात आणि स्वतःचा प्रस्ताव स्वतःच पाडतात. चार जणींचं मानधन ‘केंद्र संचालन’ या शीर्षकाखाली, जेवणाच्या खर्चालगत दाखवा. समन्वयकाचं ‘देखरेख आणि नोंदी’ यात घाला. प्रशासकीय म्हणून उरतात फक्त ते 16 हजार, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्याही आत. यात लपवाछपवी काहीच नाही. खर्च जिथला आहे तिथेच तो दाखवलेला आहे.

लोकवर्गणीही लिहा. तुमच्याकडे एखादी आजी पायलीभर ज्वारी आणून देत असेल, कुणी सरपण देत असेल, कुणी ओसरी मोफत वापरू देत असेल, तर त्याची आजच्या भावाने किंमत करून वेगळ्या रकान्यात मांडा. गावाचा हातभार दिसला की देणाऱ्याचा विश्वास वाढतो, आणि खरं तर तोच तुमच्या कामाचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

एक प्रश्न ते नक्की विचारतील. शासनाची हंगामी वसतिगृहं असताना तुमचं केंद्र कशाला? उत्तर तयार ठेवा. तुमच्या दोन गावांत असं वसतिगृह आहे का, असेल तर दरवर्षी कधी सुरू होतं, शाळेच्या पटावर नाव नसलेल्या धाकट्या भावंडांचं काय होतं, हे मुख्याध्यापकांना भेटून लिहून घ्या. सरकारवर टीका म्हणून लिहू नका. जे आहे आणि जे नाही, ते सरळ मांडा.

पत्र कसं लिहायचं म्हणाल तर फार नटवू नका. मी असं लिहीन: ‘आपण आमच्या मुलांचा विचार केलात याबद्दल मनापासून आभार. टॅबलेटविषयी आम्ही केंद्रातल्या ताईंशी आणि पालकांशी बोललो. गावात नेट टिकत नाही, वीज जाते-येते, आणि उपकरण बिघडलं तर दुरुस्तीला तालुक्याला जावं लागतं. मुलांना संध्याकाळी सगळ्यात जास्त गरज आहे ती गरम जेवणाची आणि शेजारी बसून अभ्यास घेणाऱ्या माणसाची. त्यासाठी 46 मुलांचा एका हंगामाचा खर्च 4,70,000 रुपये आहे. आपण देऊ केलेल्या रकमेत तो पूर्ण होतो. उरलेल्या 30,000 मधून दोन्ही केंद्रांना सौर दिवे आणि पुस्तकांची कपाटं घेऊ, त्यावर आपल्या मातोश्रींचं नाव असेल. अंदाजपत्रक सोबत जोडलं आहे. निर्णयापूर्वी आपण एकदा संध्याकाळी केंद्रावर यावं ही विनंती.’ वीज-नेटचं मी धरून चाललेय. तुमच्याकडे तसं नसेल तर ती वाक्यं काढा, खोटं कारण एकही देऊ नका.

हे शेवटचं निमंत्रण फार कामाचं आहे. त्यांना सकाळी, सत्काराच्या कार्यक्रमाला बोलावू नका. हंगामात संध्याकाळी सहाला बोलावा. हार-तुरे, भाषण काही नको. मुलांच्या पंगतीत बसवा आणि तेच जेवण वाढा. मी समितीत असताना ज्या अर्जांवर आमचं मत बदललं ते बहुतेक वेळा तिथे प्रत्यक्ष जाऊन आल्यावर.

वेळेचा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि यात त्यांनी बदलायला हवं असं मला वाटतं. पैसे जानेवारीत येणार म्हणजे निम्मा हंगाम सरलेला. देणाऱ्याचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि उसाचं वर्ष दसरा ते पाडवा, यांचा मेळ बसत नाही. त्यांना लेखी कळवा की यंदाच्या बैठकीत मंजूर होणारी रक्कम पुढच्या हंगामासाठी धरावी, पहिला हप्ता सप्टेंबरमध्ये आणि दुसरा जानेवारीत मिळावा. दुसऱ्या हप्त्यासाठी पहिल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आम्ही डिसेंबरअखेर देऊ, असा शब्द द्या आणि पाळा. येत्या हंगामासाठी एखादी छोटी रक्कम बैठकीबाहेर, अध्यक्षांच्या अधिकारात देता येते का, हेही विचारा. बऱ्याच न्यासांत अशी तरतूद असते, पण कुणी विचारत नाही.

दरम्यान संस्थेच्या नावावर कर्ज काढायचा विचारही करू नका. सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय कर्ज घेता येत नाही, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36-अ मध्ये ते स्पष्ट आहे. आणि स्वतःचे दागिने तर मुळीच गहाण टाकू नका. तुमच्यासारख्या बायका हे करतात म्हणून आधीच सांगून ठेवते.

जुनी देणी. किराण्याचे 38 हजार आणि चार जणींचे तीन महिन्यांचे 24 हजार, मिळून 62 हजार. हे नव्या अनुदानातून भागवायचा मोह होईल. करू नका. ज्या कामासाठी, ज्या काळासाठी पैसा दिला त्याखेरीज तो खर्च केला तर तो गैरवापरच, हेतू कितीही चांगला असो. या 62 हजारांसाठी वेगळी हाक द्या. शाळेचे माजी विद्यार्थी, तालुक्याचे डॉक्टर, खतं-बियाण्यांचे दुकानदार, नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत गेलेली गावची माणसं यांना नेमका आकडा सांगून मागा. ‘यथाशक्ती मदत करा’ म्हटलं की कुणी काही देत नाही. ‘एका ताईंचे तीन महिन्यांचे सहा हजार थकले आहेत, ते तुम्ही द्याल का?’ असं विचारलं की माणूस खिशात हात घालतो. पितृपक्षात पुण्यात ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन भरतं, तिथे छोट्या संस्थांना लोकांसमोर येता येतं. ‘लोकसत्ता’ 2011 पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’मधून संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक मदत पाठवतात. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, पण दोन्हीकडे चौकशी करून ठेवा. पहिले पैसे आले की आधी चार जणींचे द्या. दुकानदार थांबू शकतो.

रोख देणगी घेताना पावती द्याच, आणि दोन हजारांपेक्षा जास्त रोख रकमेवर देणगीदाराला 80-जी ची आयकर सवलत मिळत नाही हे आधी सांगा, म्हणजे नंतर वाईटपणा येत नाही.

अमेरिकेतल्या मुलाबद्दल जपून. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत मागून फाइलला लावा. तो अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर मात्र एफसीआरए नोंदणीशिवाय एक डॉलरही घ्यायचा नाही, गावचा मुलगा असला तरी. आणि नोंदणी असलेल्या एखाद्या मोठ्या संस्थेमार्फत घेऊ म्हणाल तर 2020 पासून तो मार्गही बंद झाला आहे. त्या संस्थेला आलेला परदेशी पैसा ती आता दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. पूर्वी कितीतरी छोट्या संस्था त्याच ओंजळीने पाणी प्यायल्या. आता तुमच्यासारख्यांना जवळच्या शहरातली फाउंडेशन्सच उरली आहेत, आणि म्हणूनच त्यांना हे नीट समजावून सांगणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं. तुमच्यापाठोपाठ आणखी संस्था त्यांच्या दारात जाणार आहेत.

फलकाला हरकत घेऊ नका. आईच्या नावाने काही द्यावंसं वाटणं ही चांगली भावना आहे. फोटोंना मात्र मर्यादा घाला. दर महिन्याला जेवताना, वस्तू घेताना मुलांचे चेहरे पाठवायचे नाहीत. ही मुलं उद्या याच गावात मोठी होणार आहेत. त्याऐवजी महिन्याची हजेरी पाठवा, मुलांनी काढलेली चित्रं पाठवा, वाचायला शिकलेल्या मुलाने स्वतः लिहिलेल्या चार ओळी पाठवा. करार करताना हे त्यात लिहून घ्या, तोंडी ठेवू नका.

आणि इतकं करूनही ते म्हणाले की टॅबलेटच, नाहीतर काही नाही? मग आभार मानून नकार द्या. तीस टॅबलेट आणि पगार नसलेल्या चार बाया अशा अवस्थेत केंद्र पुढच्या दसऱ्याला उघडणार नाही, पण कागदोपत्री तुम्ही पाच लाखांची संस्था झालेल्या असाल, दुसऱ्या कुठे मागायला गेलात की ‘तुम्हाला तर मिळालेत’ असं ऐकाल, आणि हिशेब-अहवालाचं ओझं तेवढंच असेल. मला मात्र वाटतं ते ऐकतील. ज्यांनी स्वतःहून पाच लाख देऊ केले त्यांना मुलांचं भलं हवंच आहे.

राहिले कागद. 12-ए (संस्थेच्या स्वतःच्या करसवलतीची नोंदणी) आणि 80-जी ची प्रमाणपत्रं काढून मुदत बघा. 2021 मध्ये पाच वर्षांसाठी नव्याने मिळालेल्या बहुतेक नोंदण्यांची मुदत 31 मार्च 2026 पर्यंतचीच. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएंना विचारूनच अर्ज करा. वार्षिक उत्पन्न पाच कोटींच्या आत असलेल्या संस्थांना आता 12-ए ची दहा वर्षांची नोंदणी मिळू शकते, ती मागून घ्या. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल आहेत का, हेही तपासा. अनुदान आलं की त्याचं वेगळं खातं किंवा निदान वेगळी खतावणी ठेवा, आणि मानधन बँकेतूनच द्या. रोखीत देणं भागच पडलं तर व्हाउचरवर सही घ्या, पाच हजारांवर असेल तर रेव्हेन्यू स्टॅम्प लावा.

सगळ्यात तातडीचं म्हणजे वारलेल्या विश्वस्तांची नोंद. बदल झाल्यापासून 90 दिवसांत त्याच विश्वस्त कायद्याच्या कलम 22 खाली धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. तुम्हाला तीन वर्षं उशीर झालाय, म्हणजे सोबत विलंब माफीचा अर्ज लागेल. ही प्रक्रिया सावकाश चालते, आणि फाउंडेशनने परिशिष्ट-1 चा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा) उतारा मागितला तर त्यावर अजून त्यांचंच नाव असणार. त्यामुळे याच आठवड्यात तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या, धर्मादायची कामं करणाऱ्या वकिलांकडे जा. जाताना मृत्यूचा दाखला, संस्थेच्या घटनेची प्रत, त्या वेळच्या आणि नव्या विश्वस्ताच्या निवडीच्या बैठकीचं इतिवृत्त, सभेच्या नोटिशीची प्रत आणि नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र बरोबर न्या. नवी निवड अजून झालीच नसेल तर आधी रीतसर नोटीस काढून सभा घ्या. मागच्या तारखेचं इतिवृत्त लिहून द्यायला कुणी सुचवलं तर ऐकू नका. चेंज रिपोर्ट दाखल केल्याची पोच मिळाली की तिची प्रत फाउंडेशनच्या प्रस्तावाला जोडा आणि उशीर का झाला ते दोन ओळींत खरं-खरं लिहा.